गाडीवाट आणि मुक्कामतळ : धाराशिव जिल्ह्याच्या मोकळ्या रानातील प्रवेशाचा व वस्तीचा हक्क

दळणवळणाच्या इतिहासात रस्त्याला जितके महत्त्व मिळाले तितके मुक्कामाच्या जागेला मिळालेले नाही. कोणता मार्ग कोणत्या राजवटीत वाहता होता, कोणत्या घाटात चौकी होती, जकात कोठे घेतली जाई, यांचा विचार अभ्यासकांनी विपुल केला आहे. परंतु दिवसाची चाल संपल्यावर गाडी कोठे सोडावयाची, बैल कोठे पाजावयाचे आणि रात्रीची चूल कोणाच्या रानात पेटवावयाची, हा प्रश्न बहुधा बाजूस राहिला. ज्या मुलखात पाऊस बेभरवशाचा आहे तेथे मात्र हाच प्रश्न मुख्य ठरतो. धाराशिव जिल्हा हे त्याचे बोलके उदाहरण होय. बालाघाटाच्या माथ्यावर वसलेल्या या जिल्ह्यातून मांजरा आणि तेरणा पूर्वेकडे गोदावरीच्या खोऱ्यात जातात. सीना आणि बोरी दक्षिणेकडे भीमेला मिळतात. पाणी येथून वाहून जाते, येथे थांबत नाही. अशा भूमीत थांबणाऱ्या वाटसरूचे नियम काय होते व ते कसे बदलत गेले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयाचा सर्वांत जुना पुरावा याच जिल्ह्यातील तेर या गावाशी निगडित आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात ‘तगर’ नावाच्या मोठ्या नगराचा उल्लेख येतो. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे अंतर त्यात दिले आहे. तगर म्हणजे देवगिरी, जुन्नर, धारूर की कोल्हापूर, याविषयी विद्वानांत दीर्घकाळ मतभेद होते. १९०१ मध्ये जॉन फेथफुल फ्लीट यांनी तगर म्हणजे तेरणाकाठचे तेर, असे प्रतिपादन केले, आणि पुढे तेथील उत्खननांनी त्या मताला बळकटी आली. तेरचे कापड व पैठणचे मौल्यवान खडे गाड्यांवर घालून, जेथे धड रस्ते नाहीत अशा विस्तीर्ण प्रदेशातून भडोचला नेले जात, ही त्या वृत्तातील माहिती येथे विशेष महत्त्वाची आहे.

या दिवसांच्या हिशेबाकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. भडोच ते पैठण हे सरळ रेषेतील अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आणि पैठण ते तेर सुमारे दीडशे किलोमीटर भरते. दोन्ही टप्प्यांत दिवसाची चाल सरासरी पंधरा ते अठरा किलोमीटर येते. वाटेची वळणे जमेस धरली तरी भरलेल्या बैलगाडीच्या चालीशी हे प्रमाण जुळते. तेर पैठणच्या थेट पूर्वेस नसून आग्नेयेस आहे, ही अडचण असली तरी अंतराचा मेळ नाकारता येत नाही. याचा अर्थ असा की, तेरचा व्यापार तीस मुक्कामांवर उभा होता. बांधलेल्या रस्त्यावाचून गाडी जाऊ शकत होती; मुक्कामावाचून ती जाऊ शकत नव्हती. म्हणून ‘रस्ता नसलेला प्रदेश’ म्हणजे व्यवस्था नसलेला प्रदेश, असे अनुमान काढणे युक्त होणार नाही. तीस ठिकाणी पाणी, चारा आणि निर्धास्त रात्र यांची हमी असल्याखेरीज असा व्यापार टिकणे शक्य नव्हते.

रस्त्याची उणीव जाणवू नये, असे जमिनीचेही एक कारण होते. काळ्या रानात आषाढापासून भाद्रपदापर्यंत चाक रुतते; त्या काळात गाडी बहुधा गोठ्याशीच असे. दसऱ्यानंतर रान वाळले, सुगी उरकली, की चाकोरी मोकळी होई आणि पुढच्या मृगापर्यंत चालू राही. पहिल्या पावसात व पहिल्या नांगरटीत ती पुन्हा पुसली जाई. गाडीवाट ही येथे कायमची रेघ नव्हती, ती दरसाल नव्याने पडणारी वहिवाट होती. हक्क टिकून राही तो लोकांच्या स्मरणात आणि गावाच्या संमतीत.

मध्ययुगात बैलगाडीपेक्षाही मोठी वाहतूक बंजाऱ्यांच्या, म्हणजे लमाणांच्या, तांड्यांनी केली. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये आग्रा-पाटणा मार्गावर चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला. हे लोक बायकामुलांसह फिरत, दिवसाला सहासात मैलांपेक्षा अधिक चालत नसत, आणि माल उतरल्यावर बैल खुशाल चरावयास सोडत, कारण जमीन मुबलक होती आणि मना करणारा कोणी नव्हता, असे त्याच्या वर्णनाचे तात्पर्य आहे. ताव्हेर्निए या फ्रेंच प्रवाशानेही अशा तांड्यांची नोंद केली असून, अरुंद वाटेवर त्यांची गाठ पडल्यास इतरांना दोन-तीन दिवस खोळंबावे लागे, असे तो सांगतो.

परंतु ‘मना करणारा कोणी नाही’ हे मत वाटसरूचे आहे. गावाचे मत निराळे असले पाहिजे. बैलाला दिवसाकाठी तीस ते चाळीस लिटर पाणी लागते असे धरले, तर चौदा हजार बैलांना एका दिवसात चार ते साडेपाच लाख लिटर पाणी लागेल. बालाघाटावरील एखाद्या गावाच्या आडावर वा बारवेवर उन्हाळ्यात हा भार पडला, तर त्या गावाचे काय होईल, हे सांगावयास नको. बंजारा समाजात जपल्या गेलेल्या एका ताम्रपटाच्या परंपरेचा अर्थ या दृष्टीने लावला पाहिजे. शाहजहानच्या दख्खन मोहिमेत रसद पुरविणाऱ्या भंगी व जंगी या नायकांना वजीर आसफखानाने ताम्रपट दिला, आणि त्यान्वये त्यांना कोणाच्याही घरचे पाणी व छपरावरचेही गवत घेण्याची मुभा मिळाली, इतकेच नव्हे तर दिवसाला तीन खुनांचीही माफी मिळाली, असे ही परंपरा सांगते. तिचा शब्दन्‌शब्द ऐतिहासिक मानण्याचे कारण नाही. तथापि परंपरेने नेमकी कोणती सवलत लक्षात ठेवली, हे अर्थपूर्ण आहे. ती रस्त्याची सवलत नाही, जकातीचीही नाही. पाणी, गवत आणि ते घेताना उद्भवणारा रक्तपात, यांचीच ती सवलत आहे. मुक्कामाचा हक्क वरून, फौजेच्या गरजेपोटी दिला गेला की त्याची किंमत खालचे गाव देते, हे तीतून स्पष्ट होते.

राजसत्तेने स्वतःच्या पाण्याची तरतूद मात्र चोख केली होती. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल ही दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातील, १६१३ ची रचना आहे. तटाच्या आतले पाणी शिबंदीचे होते; तटाबाहेर गाडी सोडणाऱ्याला गावाच्या आडावर अवलंबून राहावे लागे. तेथे राज्याच्या फर्मानापेक्षा गावची रीत अधिक चाले. वाटसरूने गायरानात किंवा गावाबाहेरच्या झाडीत उतरावे, उभ्या पिकाजवळ बैल सोडू नयेत, पाण्यासाठी आधी विचारावे, आणि गावानेही आलेल्याला एक रात्र नाकारू नये, असा तो परस्परांचा व्यवहार होता. तो सर्वांना सारखा नव्हता; पाणवठ्यावरचा जातिभेद वाटसरूलाही चुकत नसे. जुन्या रीतीचे गुणगान करताना हे विसरता कामा नये. तुळजापूरच्या नवरात्राला व येरमाळ्याच्या चैत्री यात्रेला येणाऱ्या गाड्यांनी मात्र हा व्यवहार दीर्घकाळ जिवंत ठेवला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोहमार्गांनी तांड्यांचा धंदा मोडला. या जिल्ह्याच्या संबंधात बार्शी लाइट रेल्वे ही निर्णायक ठरली. १८९७ मध्ये कुर्डुवाडीजवळच्या स्थानकापासून बार्शीपर्यंत सुरू झालेली ही अरुंदमापी गाडी येडशीच्या घाटभागातून पुढे सरकत १९११ मध्ये लातूरला पोहोचली. गाडीची मजल आता भडोचपर्यंत राहिली नाही. ती जवळच्या स्थानकापर्यंत आखूड झाली. मजल आखूड झाली तसे मुक्काम उरले नाहीत, आणि मुक्काम उरले नाहीत तशी तळांची आठवणही विरळ झाली. लमाणांचे तांडे नळदुर्ग-तुळजापूरच्या परिसरात व अन्यत्र स्थायिक झाले. ‘तांडा’ हा चालत्या समूहाचा शब्द वस्तीचे नाव होऊन बसला.

स्वातंत्र्योत्तर कायद्यात या जुन्या व्यवहाराच्या खुणा सापडतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम २२ मध्ये शासकीय जमीन ज्या कारणांसाठी राखून ठेवता येते त्यांत गुरांचे मोफत चरण, स्मशान, गावठाण, खळे व बाजार यांच्याबरोबर मुक्कामतळाचाही समावेश आहे. कलम १४३ अन्वये शेताच्या बांधावरून जाण्या-येण्याच्या वाटेचा निवाडा तहसीलदार करतो. म्हणजे वाट आणि तळ या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे कायद्याला ठाऊक आहे. तथापि वाटेचे तंटे तहसील कचेरीत नित्य येतात, कारण वाट मागणारा शेतकरी गावातच राहतो. तळ मागणारा मात्र दुसऱ्या दिवशी पुढे गेलेला असतो. म्हणून व्यवहारात तळाला वाली राहत नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२, याने हा भेद आणखी ठळक केला. कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवान्यावाचून प्रवेश करण्यास किंवा राहण्यास मनाई आहे. पण सार्वजनिक महामार्गाने नुसता पार जाणारा तीतून वगळला आहे. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, आणि तेथील रहिवाशाशी कायदेशीर व्यवहार, एवढ्या कारणांसाठी कलम २८ खाली परवाना मिळू शकतो. कलम ३० आग पेटविण्यास बंदी घालते, आणि कलम ३३ गुरांच्या चराईचे व हालचालीचे नियमन करण्याचा अधिकार देते. चालणे क्षम्य, थांबणे परवान्याधीन, चूल निषिद्ध, असा याचा सारांश होय. धाराशिव जिल्ह्यात १९९७ मध्ये घोषित झालेले येडशी-रामलिंग घाट अभयारण्य सुमारे २२ चौरस किलोमीटरचे आहे. रामलिंगाचे जुने देवस्थान त्याच परिसरात असून श्रावणात तेथे भाविकांची दाटी होते.

असे निर्बंध अनाठायी आहेत, असे म्हणता येणार नाही. अमेरिकेतील युटा राज्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानाचा दाखला येथे उपयोगी आहे. तेथील वाळवंटी भागात युरेनियमच्या शोधाच्या काळात पडलेली सुमारे १६० किलोमीटरची एक कच्ची गाडीवाट आहे. तीवर मोटारगाडीने मुक्काम करावयाचा तर आधी परवाना घ्यावा लागतो. मुक्काम नेमून दिलेल्या तळांवरच करावा लागतो. वाट सोडून चाक उतरविण्यास मनाई आहे. आणि पिण्याचे पाणी बरोबर न्यावे लागते. तेथील मातीवर सूक्ष्म जीवांची जी नाजूक खपली असते ती एकदा चिरडली की भरून येण्यास अनेक वर्षे लागतात. धाराशिवच्या काळ्या रानात चाकोरी एका पावसाळ्यात बुजते. म्हणजे तेथील नियमाचा उगम मातीच्या रक्षणात आहे, तर येथील रीतीचा उगम पाण्याच्या वाटणीत होता. दोन्हीकडे नियम कडक दिसले तरी कारणे भिन्न आहेत. तथापि युटातील व्यवस्थेने एक गोष्ट सोडलेली नाही : वाटेबरोबर तळही नेमून दिला आहे.

आपल्याकडील उणीव नेमकी येथे आहे. अभयारण्याच्या घोषणेनंतर जुन्या हक्कांची चौकशी व्हावी, यासाठी कलम २१ अन्वये उद्घोषणा होते आणि दावा मांडण्यास दोन महिन्यांची मुदत असते. क्षेत्र राखीव वनाचे असेल तर हक्कांचा निवाडा पूर्वीच झाला असे मानले जाते. वर्षातून एकदोन रात्री येणारा मेंढपाळ किंवा ऊसतोडीला निघालेला गाडीवान त्या दोन महिन्यांत तेथे असेलच असे नाही, आणि त्याच्यापाशी कागद तर कधीच नव्हता. त्याचा हक्क नाकारला गेला, असेही म्हणता येत नाही. तो विचारातच आला नाही.

२०२४ च्या डिसेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा एक वाघ चारशेहून अधिक किलोमीटर चालून येडशीच्या या अभयारण्यात आला. शेते, रस्ते व गावे ओलांडून आलेल्या त्या प्राण्याला अखेर हवे होते ते पाणी, भक्ष्य आणि निवांत जागा. वन्यजीवांच्या भ्रमणमार्गांचा आणि त्यांच्या विसाव्याच्या जागांचा विचार आज शास्त्रीय पद्धतीने होत आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. तेवढ्याच काटेकोरपणे माणसांच्या जुन्या गाडीवाटांची व तळांची नोंद गावोगाव झाली पाहिजे. कोणत्या आडावर कोणाचे बैल पाजले जात, कोणत्या गायरानात यात्रेच्या गाड्या सुटत, हे सांगणारी पिढी आता फार थोडी उरली आहे. ती नोंद झाल्याखेरीज कोणता हक्क राखावा आणि कोणता रानाच्या हितासाठी सोडावा, याचा न्याय्य निर्णय करता येणार नाही.