श्रीरामपूरचा चांभार

सिडनी स्मिथ या विनोदपटू धर्मोपदेशकाने १८०८-०९ च्या सुमारास ‘एडिंबरो रिव्ह्यू’ या मातब्बर नियतकालिकातून बंगालमधील बॅप्टिस्ट मिशनऱ्यांची, त्यांच्या चांभारकीवर बोट ठेवून, यथेच्छ टवाळी केली, तेव्हा या माऱ्याचे मुख्य लक्ष्य असलेले विल्यम केरी श्रीरामपुरी, वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने, आपल्या मराठीचा कोश रचण्यात गढले होते. तो १८१० साली मोडी टंकात छापून निघाला.

गव्हर्नर जनरलच्या मेजवानीत एका लष्करी अंमलदाराने, केरी पूर्वी जोडे शिवीत ना, अशी मुद्दाम त्यांच्या कानी पडेलशी पृच्छा केली असता, आपण फक्त फाटके जोडे सांधीत असू, अशी दुरुस्ती त्यांनी सौम्यपणे केल्याचे चरित्रकार सांगतात. वास्तविक ते या धंद्यात रीतसर उमेदवारी केलेले कारागीर होते.