दोन वीणांचा पाठ

गाण्यात मुरलेल्या माणसाला श्रुती शिकवणं नवशिक्याला शिकवण्याहून अवघड असतं. त्याचा कान ठरलेल्या सुरांवर पक्का बसलेला असतो. किंचित उतरलेला सूर त्याला वेगळा वाटत नाही, सरळ बेसूर वाटतो. या अडचणीवर एक फार जुना उपाय भरताच्या नाट्यशास्त्रात, 28व्या अध्यायात आहे. त्याचं नाव चतुःसारणा.

अगदी सारख्या दोन वीणा घ्यायच्या, एका सुराला एक तार, आणि दोन्ही षड्जग्राम या जुन्या सप्तकात मिळवायच्या. संगीतरत्नाकर लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवानं पुढे एकीला ध्रुव म्हटलं, दुसरीला चल. ध्रुवेला हात लावायचा नाही. चलेचा पंचम रिषभाशी संवाद साधेपर्यंत उतरवायचा. रिषभापासून पंचम 10 श्रुतींवर असतो आणि संवादाला हव्यात 9. म्हणून पंचम जेवढा उतरला, ती एक श्रुती. मग बाकीच्या तारा त्याच्यामागोमाग उतरवून षड्जग्राम पुन्हा लावायचा. ही पहिली सारणा.

पुढच्या प्रत्येक सारणेत चल आणखी एक श्रुती उतरते. दुसऱ्या सारणेत चलेचे गंधार-निषाद ध्रुवेच्या रिषभ-धैवतात मिसळतात. तिसरीत रिषभ-धैवत षड्ज-पंचमात जातात, आणि चौथीत षड्ज, मध्यम, पंचम हे निषाद, गंधार, मध्यमात. दोन सुरांच्या दोन-दोन, दोघांच्या तीन-तीन, तिघांच्या चार-चार: 4, 6 आणि 12 मिळून 22 श्रुती.

भरत सूक्ष्म अंतर थेट ओळखायला सांगत नाही, यातच त्याचं गुरुपण आहे. दोन सुरांचा संवाद आणि दोन तारांचं एक होणं तयार कानाला आधीच कळतं. त्यांच्याच आधारानं श्रुती हाती लागते.

13व्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवानं संगीतरत्नाकरात हा पाठ बदलला. वीणेला 22 तारा, प्रत्येक आधीच्या तारेपेक्षा थोडी चढी, इतकीच की मध्ये तिसरा नाद ऐकू येऊ नये. मांडणी सुटसुटीत झाली, पण संवादाचा आधार सुटला. ‘थोडी’ म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या कानावर राहिलं.

विसाव्या शतकात सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींचं गणित मांडलं. त्यांचं पुस्तक 1910 चं. अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या प्रयोगांना लाभला. देवल आणि क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या खटपटीतून श्रुती-हार्मोनियम तयार झाली, आणि 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून वाद झाला. माझ्या मते तिची उणीव एकच: पेटीत श्रुती तयार मिळते, शिकणाऱ्याला तार मिळवावी लागत नाही.

गुरुजनांना विनंती आहे, दोन स्वरमंडळं घेऊन हा पाठ करून घ्या. गंधार-निषाद आजचे कोमल घ्या. धैवत मध्यमाच्या तारेतून उमटणाऱ्या स्वयंभू गंधाराशी जुळवा आणि रिषभ त्या धैवताशी. मग किल्ली शिष्याच्या हाती द्या आणि पंचम त्यालाच उतरवू द्या.