संगमावरचा कंपनीचा नोकर

2020 च्या मार्चमध्ये हिंजवडी-खराडीच्या कचेऱ्या पुणेकरांच्या घरात आल्या, तेव्हा कंपनीपासून दूर बसून कंपनीचे काम करणे ही जणू अपूर्व घटना असल्यासारखी चर्चा झाली. वस्तुतः या शहराने तशी नोकरी अठराव्या शतकातच पाहिली होती. कंपनी अर्थात ईस्ट इंडिया होती.

1786 साली चार्ल्स मॅलेट कंपनीचा रेसिडेंट म्हणून पुण्यात आला. मुळा-मुठेच्या संगमावर त्याला जागा मिळाली. वरिष्ठ कलकत्त्यास, मालक लंडनला. कलकत्त्याचे उत्तर यायला आठवडे लागत. लंडनच्या उत्तराची वाट पाहण्यात वर्ष सरे. या अंतराने मॅलेटला पुष्कळ दिले. टिपूविरुद्धच्या 1790 च्या तहाच्या वाटाघाटी त्याने नाना फडणिसांशी इथेच केल्या. वेरूळच्या लेण्यांचा अभ्यास केला, पुण्याच्या गंगाराम तांबटाकडून त्यांची चित्रे काढून घेतली, जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराला आश्रय दिला. सवाई माधवराव आणि नाना आज आपल्या डोळ्यांपुढे येतात ते बऱ्याच अंशी वेल्सच्या कुंचल्यातून, हे आपण सहसा विसरतो.

परंतु जो नजरेआड असतो त्याला आपण कामात आहोत हे लिहून दाखवावे लागते. मॅलेट लिहीत राहिला, त्याच्यानंतरचेही लिहीत राहिले. जदुनाथ सरकार आणि रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1936 पासून 'पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स'चे खंड निघाले. उत्तर पेशवाईच्या अभ्यासकाला ते टाळता येत नाहीत, आणि खरी अडचण तीच आहे. ती पत्रे म्हणजे नोकराने वरिष्ठांस पाठवलेले अहवाल. नानांचे मौन अशा अहवालात सहज कपट ठरते. नोकराचा स्वतःचा गोंधळ मात्र क्वचितच कागदावर उतरतो. संदर्भ म्हणून हे खंड वर्गात पुढे करताना त्यांचा हा लेखनप्रकार आपण विद्यार्थ्यांना सांगतो का? माझ्या मते, बहुधा नाही.

1811 मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन इथे रेसिडेंट झाला. वाचनाचा विलक्षण नाद असलेला हा माणूस. 1817 च्या नोव्हेंबरात पेशव्यांच्या फौजा जमू लागल्या तेव्हा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज दूर उत्तरेत होता. विचारायला वेळ नव्हता. 5 नोव्हेंबरला एल्फिन्स्टनने संगम सोडला आणि तो खडकीच्या सैन्यात दाखल झाला. मागे रेसिडेन्सी पेटवली गेली. पुस्तके गेली, कागद गेले. अंगावरच्या कपड्यांखेरीज त्याच्यापाशी फारसे काही उरले नाही. घर आणि कचेरी एकच होती. दोन्ही एकाच दिवशी जळाली.