वृद्धाश्रमातील आपल्या माणसांच्या वतीने कोण बोलू शकते?

इंदूरच्या मराठी घरांत वृद्धाश्रम हा आता परका विषय राहिलेला नाही. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात, आणि इथे आजी-आजोबा दोघेच, नाहीतर एकटेच. चांगल्या आश्रमात राहण्यात आम्हाला काही कमीपणा वाटत नाही. अडते ते तक्रारीपाशी. जेवण, औषध, अंघोळ ज्यांच्या हाती, त्यांच्याविरुद्ध बोलायला माणूस धजत नाही.

एका संक्रांतीला तिळगूळ घेऊन आम्ही आश्रमात गेलो होतो. सेविका शेजारी उभी असेपर्यंत एक आजी "सगळं छान आहे हो" एवढेच म्हणत राहिल्या. ती बाहेर जाताच हळूच म्हणाल्या, "रात्री उशाची घंटा काढून नेतात." भेटीला जाणाऱ्यांनी थोडा वेळ एकट्याने बोलावे, आणि मराठीत बोलावे, हे आम्ही तेव्हा शिकलो.

कायद्यात अशा माणसासाठी बोलायची सोय आहे. पालक व ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा केंद्रीय कायदा आपल्याकडे 'भरण-पोषण कायदा' म्हणून ओळखला जातो. त्यातील कलम ५ प्रमाणे मुलांकडून निर्वाहखर्च मिळण्यासाठी ज्येष्ठाने स्वतः अर्ज करावा. ते जमत नसेल, तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था अर्ज करू शकते. म्हणजे आपले नोंदणीकृत मंडळसुद्धा. मूलबाळ नसेल, तर ज्याच्याकडे मालमत्ता आहे किंवा वारशाने जाणार आहे अशा नातेवाइकाकडून खर्च मागता येतो. अर्ज एसडीएम कार्यालयातील न्यायाधिकरणाकडे जातो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो. फार तर आणखी ३० दिवस.

इथे एक मेख आहे. अधिकारपत्र द्यायला माणूस भानावर हवा. स्मृतिभ्रंश वाढल्यावर सहीला अर्थ उरत नाही. मग न्यायाधिकरणाने स्वतःहून दखल घ्यावी, एवढाच मार्ग उरतो. तशी दखल ते घेऊ शकते, पण कोणीतरी त्याच्या कानावर घालायला हवे. म्हणून आश्रमात प्रवेश घेतानाच पत्र लिहून ठेवावे. त्यात कोणाला अधिकार दिला, कशासाठी दिला, तारीख आणि दोन साक्षीदार असावेत. एक प्रत आश्रमाबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे राहू द्यावी.

घर मुलांच्या नावे करून दिले असेल, तर कलम २३ पाहावे. 'सांभाळ करू' या अटीवर दिलेले बक्षीसपत्र ती अट मोडल्यास रद्द होऊ शकते. मध्य प्रदेशातल्याच एका आईच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये असा निकाल दिला.

तक्रार मुलांविरुद्ध नसून पैसे घेऊन चालणाऱ्या आश्रमाविरुद्ध असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. त्याला मुदत दोन वर्षांची आहे. पावत्या आणि प्रवेशाचा करार जपून ठेवावा; आश्रम करार देत नसेल, तर आधी तोच मागावा. तातडीच्या मदतीसाठी १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा निःशुल्क क्रमांक सकाळी ८ ते रात्री ८ चालू असतो, आणि त्यावर शेजाऱ्यानेही फोन केला तरी चालतो.