बेघर तरुण, मुंबईतील

मुंबईच्या फुटपाथांवर, फलाटांवर आणि पुलांखाली राहणारी, साधारण अठरा ते पंचविशीतली मुलेमुली. काहींचा जन्मच फुटपाथवरच्या संसारात झालेला. काही लहानपणी घरच्या मारझोडीला कंटाळून गाडीत बसली आणि दादर, कुर्ला किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरली. काही बालगृहातून वय भरल्यावर बाहेर पडली.

अठरा वर्षे पूर्ण होतात तो या आयुष्यातला सर्वांत अवघड दिवस. जेरू बिलिमोरिया यांनी १९९६मध्ये मुंबईत सुरू केलेली १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, बालकल्याण समिती, बालगृह हे सारे त्या वयापर्यंतचे. २०१५च्या बालन्याय कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची, तरतूद आहे, पण ती संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी. जो फलाटावरच वाढला, त्याच्या वाट्याला ती येत नाही. काल ज्याला ‘बाळ’ म्हणून उचलून नेले असते, त्यालाच आज १९५९च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली विनावॉरंट पकडता येते. उपजीविकेचे उघड साधन न दिसता सार्वजनिक जागी वावरणेही तिथे भीक मागण्यात मोडू शकते.

साधन मात्र असते. नाक्यावरची बिगारी, हमाली, भंगार वेचणे आणि लग्नसराईत केटरिंग. केटरिंगला पांढरा शर्ट आणि काळी पँट लागते. हे कपडे फुटपाथवर स्वच्छ राहत नाहीत, म्हणून ओळखीच्या इस्त्रीवाल्याकडे ठेवायचे. आंघोळीला, संडासाला रोज पैसे मोजायचे. झोपताना चपला उशाशी आणि मोबाइल आतल्या कपड्यांत. तरीही ब्लेडने खिसा कापला जातो. आधार कार्ड एकदा गेले की नवे मिळेपर्यंत पक्के काम नाही. मुलींना तर रात्री झोपणेच धोक्याचे, त्यामुळे अनेकजणी उजेडाच्या जागी घोळक्याने जागतात आणि दिवसा डुलक्या काढतात. भूक आणि थंडी मारायला काहीजण पंक्चरचे सोल्युशन किंवा व्हाइटनर हुंगतात. या नशेवरून त्यांना हिणवणे सोपे आहे, पण ती बहुधा दहाबारा वर्षांच्या वयात लागलेली असते.

शहरात दर लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक, बारमाही आणि चोवीस तास उघडा निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये बजावले. २०११च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही नाही.