एका रेघेची तीस वर्षं

मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. वय 24. आखातातल्या नोकरीसाठी वैद्यकीय तपासणी झाली होती आणि ईसीजीच्या कागदावर 'फर्स्ट डिग्री ब्लॉक' असं छापून आलं होतं. "सर, परवाच मॅच खेळलो. आणि हे म्हणतात, दिलात ब्लॉक आहे!" त्याच्या अम्मीने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता.

मी डॉक्टर नाही. त्याला हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवलं. पण तो शब्द मनातून जाईना, म्हणून वाचत बसलो.

हा ब्लॉक रक्तवाहिनीतला नव्हे. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला विजेचा संदेश खालच्या कप्प्यात थोडा उशिरा पोहोचतो, इतकंच. ईसीजीच्या कागदावर हे अंतर पाच लहान चौकोनांपेक्षा, म्हणजे 0.20 सेकंदापेक्षा जास्त भरलं की ही नोंद होते.

ही रेघ नीट टिपणारं यंत्र नेदरलँड्सच्या विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवलं. वजन सुमारे 270 किलो, चालवायला पाच माणसं. 1924 साली त्यांना नोबेल मिळालं. पण यंत्र आलं तरी प्रश्न उरला: निरोगी माणसाची रेघ नेमकी कशी असते? दवाखान्यात तर आजारीच येतात.

उत्तराची वाट दुसऱ्या महायुद्धाने उघडली. कॅनडाच्या हवाई दलात भरती होणाऱ्या तरुणांचे ईसीजी काढले जात. पोरं ठणठणीत, पण काहींच्या रेघेत खोट दिसे. या खोटीचं पुढे काय होतं? विनिपेगच्या डॉ. मॅथ्यूसन यांनी 1948 साली अशा 3,983 पुरुषांचा माग ठेवायला घेतला. सरासरी वय तिशीचं. युद्ध संपलं, माणसं देशभर पांगली. पण त्यांना दरवर्षी पत्र जाई आणि ठरावीक वर्षांनी नवा ईसीजी विनिपेगला येई.

1986 साली, तीस वर्षांच्या नोंदींवरून, निष्कर्ष छापून आला: या निरोगी पुरुषांत नुसत्या अशा ब्लॉकमुळे मृत्यूचं प्रमाण वाढलं नव्हतं. पण प्रत्येक बदल निरुपद्रवी नव्हता. 44 वर्षांत 299 जणांच्या हृदयाची लय अनियमित झाली, आणि त्यांना पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट होता. पुढे 2009 मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासाने बजावलं की सर्वसाधारण लोकांत, जिथे वयस्क आणि स्त्रियाही असतात, हा ब्लॉक इतका साधा मानू नये.

म्हणजे एका कागदावरून ना घाबरावं, ना निर्धास्त व्हावं. विनिपेगची ताकद यंत्रात नव्हती. जुन्या कागदाशेजारी नवा कागद ठेवण्यात होती. शिवाय ते सगळे कॅनडातले, भरतीसाठी पारखलेले पुरुष. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांची, त्यांच्या अम्मींची रेघ त्या कपाटात नाही.

तज्ज्ञांनी सगळ्या तपासण्या करून माझ्या विद्यार्थ्याला नोकरीसाठी हिरवा कंदील दिला. निघताना मी त्याला एकच सांगितलं, "बेटा, हा कागद फेकू नकोस." आमच्या घरांत निकाहनामा आणि रेशनकार्ड पत्र्याच्या पेटीत पिढ्यान्‌पिढ्या जपतात. ईसीजीलाही त्याच पेटीत जागा द्यायला हवी. वीस वर्षांनी एखादा डॉक्टर विचारेल, "आधी कसा होता?" तेव्हा उत्तर पेटीतच सापडेल.