पाणी बघितलंस का?

आपल्या बॅचच्या लहानपणी गाडी म्हणजे फियाट. नाव प्रीमिअर पद्मिनी, कारखाना कुर्ल्याला, पण घरोघरी म्हणायचे फियाटच. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तरी आमच्या बाबांना परवडली ती जुनी पद्मिनी.

गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. थंडीत सकाळी चोक ओढायचा. बोरघाटात इंजिन तापलं की बाबा गाडी कडेला घ्यायचे, मी मागच्या चाकाला दगड लावायचे, आई डिकीतून पाण्याचा कॅन काढायची. तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही, हे मला फिजिक्सच्या तासाआधीच ठाऊक होतं. दुसरा एखादा फियाटवाला हटकून थांबायचा.

२००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. आता इंजिनात पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवतो. गेल्या पावसाळ्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मी, इतकी वर्षं कोड लिहिणारी, बॉनेट उघडून नुसती बघत राहिले. सर्व्हिस सेंटरच्या पोराने लॅपटॉप जोडून दोन मिनिटांत बिघडलेला सेन्सर सांगितला. घाटात ताटकळणं संपलं, ही काही लहान गोष्ट नाही, आईला विचारा.

बाबा आता ऐंशीच्या पुढे. आम्ही निघालो की खिडकीशी वाकून अजून विचारतात, "पाणी बघितलंस का?"

मी हो म्हणते. बघितलेलं नसतं.